आओ रंगाची कडी

हात्सुयो वहिनींचा छोटा ट्रक सकाळी सुरू झाला की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येई. दोन-तीन मिनिटांनी इंजीन गरम झालं की तो थांबे. त्या वर्षी नोव्हेंबर लागला आणि तो थांबेनासा झाला.

तामोत्सू अंगणात दात घासत उभा होता. चढावरून ट्रक खाली येऊ लागला तसा त्याचा ब्रश तोंडातच राहिला. मान वाकडी करून तो ऐकत राहिला. तामोत्सू माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. गावाच्या तोंडाशी त्याचं गॅरेज, त्यामागे घर, आणि घराच्या मागच्या खोलीत मी. डोंगरातली शाळा बंद झाली तेव्हा माझी मास्तरकी संपली आणि पुस्तकांची खोकी घेऊन मी इथे आलो. त्याला अकरा वर्षं झाली होती.

"वहिनी, चेन ओरडतेय," तामोत्सू चूळ भरून म्हणाला.

"थंडीनं असेल, भाऊजी."

"थंडीनं नाही. झिजलीय. एक दिवस तुटेल आणि इंजीन घेऊन जाईल."

"आमचे हेही असेच खोकायचे. मी म्हणायचे, थंडीचं आहे."

"मग?"

"मग काय. गेले."

दोघंही हसले. हात्सुयो वहिनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, एकट्या राहत. वरच्या उतारावर त्यांची तुरट पर्सिमनची साठ झाडं होती. फळं सोलून दोरीला टांगायची आणि वाऱ्यावर सुकवायची, हा त्यांचा वर्षाचा आधार. दव गोठून कडक दहिवर पडलं की फळ झाडावरच मऊ होतं, मग त्याला सुरी लागत नाही. म्हणजे दहा-बारा दिवसांत सगळी फळं खाली यायला हवी होती आणि ट्रकशिवाय ते होणं नव्हतं. शहरातल्या गॅरेजने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती.

"ठेवून जा," तामोत्सू म्हणाला.

माझी बहीण फुमिए दारात टॉवेल घेऊन उभी होती. वहिनी गेल्यावर तिने टॉवेल त्याच्या हातात न देता त्याच्या खांद्यावर टाकला.

तामोत्सूच्या नजरेच्या मधोमध वसंतापासून डाग पडला होता. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. काही पाहायचं झालं की तो कोंबडीसारखी मान तिरकी करी. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उन्हाळ्यापासून तो टायर बदली, ऑइल बदली, त्यापलीकडे इंजिनाला हात लावत नव्हता.

न्याहारीला तो म्हणाला, "हे इंजीन मी उघडणार आहे."

"अहो, कशानं बघणार?" फुमिएने विचारलं.

"बघायचं तू. वाचायचं मास्तरांनी. हात माझे. तीन म्हातारे मिळून एक माणूस होतोच की."

"आणि बिघडलं तर?"

"नीट उभं राहिलं तर आणखी दोन-चार वर्षं गॅरेज चालवीन. नाही राहिलं तर पाटी उतरवीन." सुपात मीठ कमी आहे म्हणावं तसं तो हे म्हणाला, आणि वाटी तोंडाला लावली.

वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो गाड्यांखाली झोपत आला होता. पाटी उतरवल्यावर तो दिवसभर काय करील याचं चित्र मला डोळ्यांपुढे आणता येईना. फुमिएला येत असावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती वाट्या उचलू लागली.

पहिला दिवस इंजीन खाली उतरवण्यात गेला. ट्रक उचलून ठोकळ्यांवर घेतला, ऑइल आणि पाणी काढलं, वायरी आणि नळ्या सोडवल्या. तामोत्सू प्रत्येक सुटलेल्या नळीला फुमिएकडून चिंधी बांधून घेई. नट तो बोटांनी चाचपायचा, पाना लावायचा आणि मग डोळे मिटून घ्यायचा. मिटल्यावर त्याचा हात जास्त सरळ चाले. निघालेलं ऑइल त्याने अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं.

"फुमिए, यात काय दिसतं?"

"काळे तुकडे. कापलेल्या नखांसारखे."

"चेनच्या बाजूच्या गाइडपट्टीचं प्लास्टिक. चेन त्याला घासत राहिली. बिचारं किती दिवस सोसत होतं."

माझ्याकडे दिवा दिला होता. मी तो मन लावून धरला, पण मन लावण्याच्या भरात उजेड त्याच्या तोंडावर जात होता.

"मास्तर, दिवा इंजिनाला दाखवा. मला कशाला दाखवता, मी जुनाच आहे."

फुमिए हसली. मीही हसलो. मग तिने हळूच दिवा माझ्या हातातून घेतला, खांबाला तारेने बांधला, आणि मला स्टुलावर इंजिनाच्या दुरुस्तीचं पुस्तक घेऊन बसवलं. माझा हात अवघडला असेल असं ती म्हणाली. तो अवघडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंजीन बाकावर होतं. पुढचं झाकण निघायला दुपार झाली, कारण कारखान्यातला चिकट रबरी थर इतक्या वर्षांनी दगड झाला होता. तामोत्सूने पातळ पातं त्या फटीत घालून तसूतसूने फिरवलं. घाम त्याच्या भुवयांवरून नाकावर येत होता. फुमिएच्या बोटांना पर्सिमनच्या चिकाने काळे डाग पडले होते, त्यांवर आता ऑइलचे बसले. तिची स्वतःची दोनशे फळं पडवीत टोपल्यांत वाट बघत होती. ती मधेच जाऊन वीस-पंचवीस सोलून येई, आणि हाक आली की सुरी टाकून उठे.

हात्सुयो वहिनी मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. त्यांनी मला स्टुलावर बसलेलं पाहिलं.

"मास्तर, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही नाही. मी वाचतो फक्त."

"वाचता तर मलाही येतं. खोक्यावरच्या चिठ्ठ्या वाचतेच की मी."

"मग बसा तुम्ही इथे," मी म्हटलं.

"नको बाई. चुकलं की लोक वाचणाऱ्यालाच धरतात."

झाकण निघालं. आतली चेन सैल पडली होती, बोटाने दाबली की आत जात होती. तामोत्सूने जुना गाइड काढून त्यावर अंगठा फिरवला आणि तो माझ्यापुढे धरला. त्यात खोल खोबण पडली होती. चेन ताणून धरणारा टेन्शनर शेवटापर्यंत बाहेर येऊन थांबला होता. आणखी ताणायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवे भाग आले. तामोत्सूने जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी खिळ्याला टांगायला लावली. जुनी नखभर लांब होती.

"एवढ्यासाठी सगळं," फुमिए म्हणाली.

"एवढ्यानंच जातं," तो म्हणाला.

नव्या चेनमध्ये तीन कड्या रंगवलेल्या होत्या. इंजिनाला तीन दातेरी चाकं, खाली एक, वर दोन. प्रत्येक चाकावर एक खूण, आणि त्या खुणेसमोर ठरलेल्या रंगाची कडी यायला हवी. चेन उलट्या अंगाने चढवली तर कड्या पुढे-मागे होतात, आणि वॉल्व आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येऊन आदळतात. हे मला पुस्तकातूनच कळलं होतं. तामोत्सूला जुन्या इंजिनांचं सगळं पाठ होतं, हे त्याच्यासाठी नवं होतं.

"मास्तर, एकेक सांगा. एकदम सगळं नको."

"खालच्या चाकाला पिवळी कडी."

फुमिएने पिवळी कडी शोधून त्याच्या बोटांत दिली. त्याने ती चाकावर बसवली, खुणेवरून नख फिरवलं आणि मान हलवली.

"पुढं."

"वरच्या डाव्या चाकाला आओ."

आओ हा आमचा जुना शब्द. आभाळ आओ, समुद्र आओ. पण कोवळं पान आओच, न पिकलेलं सफरचंद आओ, आणि शहरातला रस्ता ओलांडायचा दिवा, जो कुणाही परक्याला हिरवा दिसेल, तोही आओ. हिरव्याला मिदोरी हा वेगळा शब्द आहे, शाळेत मुलं तो लिहितात. पण फुमिए शेतात आणि स्वयंपाकघरात वाढली. ती भाजीलाही आओ म्हणते. पुस्तकात मात्र आओ म्हणजे निळाच, कारण पुढच्याच ओळीत तिसऱ्या कडीसाठी मिदोरी असं छापलं होतं. माझं बोट त्या ओळीवर होतं.

"आओ कुठाय?" तामोत्सूने विचारलं.

"ही काय." फुमिएने चेन हातात उलटून घेतली, तसा तो रंग डाव्या बाजूला आला.

ती कडी मला हिरवी दिसली. वसंतातल्या चहाच्या पानासारखी. दुसरी रंगवलेली कडी तिच्या मनगटापाशी लोंबत होती, ती गडद होती. मी चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली आणला. दिवा पिवळा होता आणि पिवळ्या उजेडात निळं हिरवं दिसतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. ती दोघं चार हात पलीकडे, हात काळे करून उभी होती. मी स्टुलावर बसलो होतो.

"ती जरा..." मी म्हणालो.

"काय?" तामोत्सूने माझ्या बाजूला कान केला.

"काही नाही. दिवा जरा मंद वाटतो."

फुमिएने दिवा पुढे ओढला. कडी तामोत्सूच्या बोटांत गेली होती, आता तिच्यावर त्याचा अंगठा होता.

"ही इथं बसली. आता पुढं काय?"

मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "पुढं काय असणार. राहिलेली कडी राहिलेल्या चाकाला. त्याला पुस्तक कशाला." आणि फुमिए, "खरंच की," म्हणाली.

मी पुस्तकात खुणेची पट्टी ठेवली. मिदोरी हा शब्द त्या गॅरेजमध्ये कुणी उच्चारलाच नाही.

कडी खुणेवर आणण्यासाठी त्याला वरचं चाक पान्याने थोडं फिरवावं लागलं. "घट्ट आहे," तो पुटपुटला. "नवी आहे म्हणून असेल." नवे गाइड बसले, नवा टेन्शनर बसला. त्याची पिन ओढली तशी आतली स्प्रिंग सुटली आणि चेन ताठ झाली. फुमिएने ती बोटाने दाबून पाहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. "वीणेच्या तारेसारखी झाली," ती म्हणाली.

मग पाना लावून इंजीन हाताने दोन फेरे फिरवायचं होतं. आत कचरा जाऊ नये म्हणून प्लग काढलेले नव्हते, त्यामुळे हवा आतच कोंडलेली होती. पहिल्या फेऱ्यात अर्ध्यावर त्याचा हात अडला. तो थांबला.

"दाब आहे आतल्या हवेचा," तो म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे. त्याने पाय फाकवले, छाती पान्यावर टाकली. आवाज आला, आलुबुखाराच्या बीवर दात बसावा तसा. मग हात सुटला आणि फेरा पुरा झाला.

"काय झालं?" फुमिएने विचारलं.

"काही नाही. दाब."

दुसऱ्या वेळी पाना कुठे अडला नाही. त्याने कपाळ बाहीने पुसलं. मी तो आवाज ऐकला होता. त्याच्या मनगटाचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून त्याचं मनगट वाजतच होतं.

पाचव्या दिवशी इंजीन ट्रकमध्ये बसलं. फुमिएने लाल चवळीचा भात केला होता, सणाला करतात तो. हात्सुयो वहिनी डोक्याला रुमाल बांधून सरळ डोंगरावर जायच्या तयारीने आल्या. मागे रिकामी खोकी त्यांनी स्वतःच चढवून ठेवली. तामोत्सूने हात तीनदा धुतले, मग सीटवर बसून किल्ली फिरवली.

इंजीन लागलं. खड्यांचा आवाज गेला होता, पण सगळा ट्रक थरथरू लागला, तिपाईचा एक पाय तुटावा तसा. खोकी मागे एकमेकांवर आपटू लागली. तामोत्सूने ते बंद केलं. थोडं थांबून पुन्हा लावलं. पुन्हा बंद केलं. नंतर तो कितीतरी वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. आम्ही तिघं बाहेर उभे होतो.

"भाऊजी, डोंगरापर्यंत चालेल का?" हात्सुयो वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी. वॉल्व वाकलेत."

"एक खेपसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

वहिनी मागे गेल्या आणि खोकी एकेक करून उतरवू लागल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "असू द्या, मास्तर. रिकामीच आहेत."

शहरातल्या गॅरेजला फोन त्याने स्वतः केला. ट्रक दुसऱ्या गाडीवर चढवून नेला. त्या गाडीचा चालक तरुण होता. त्याने तामोत्सूपुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सावकाश नेतो, काका. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना?" तामोत्सूने तिरक्या मानेने त्याच्या कानाकडे पाहत हो म्हटलं.

त्यानंतर सहा दिवस आम्ही चौघांनी पर्सिमनं पाठीवरच्या टोपल्यांतून खाली आणली. तामोत्सूला पायवाट दिसत नसे, म्हणून तो फुमिएच्या पाठीवरच्या टोपलीला हात लावून चाले. मी एका वेळी अर्धीच टोपली आणू शकत होतो. माझे गुडघे सुजले. चढावरच्या दगडांवर बसून मी दम खात असे, आणि हात्सुयो वहिनी भरली टोपली घेऊन माझ्या बाजूने खाली जात. सातव्या पहाटे दहिवर पडलं. तिसरा हिस्सा झाडांवरच राहिला. पुढचे काही दिवस तो मऊ होऊन पडत होता, उतारावर त्याचा आंबूस वास येत होता.

"पाखरांनाही पोट आहे," वहिनी म्हणाल्या. यापलीकडे त्या कधीच काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शहरातल्या गॅरेजचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तामोत्सूने ऐकून घेतलं, आभार मानले आणि परत येऊन बसला.

"चेन उलट्या अंगानं चढली होती म्हणे. निळ्याच्या जागी हिरवी."

फुमिएच्या चॉपस्टिक वाटीवरच थांबल्या.

"ती कडी मी दिली," ती म्हणाली. "तुम्ही आओ म्हणालात. मी आओ दिली."

"मी मागितली, तू दिलीस. मला दिसलं असतं तर मी परत केली असती. डोळे नसताना हात घातला. चूक माझी."

"मी नीट बघायला हवं होतं."

"पुरे आता. भात निवतोय."

तो माझ्याकडे वळलाही नाही. वाचलेलं चुकलं असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, आणि वाचलेलं चुकलं नव्हतंच. मी लोणच्याची फोड उचलली. ती चावायला फार वेळ लागला.

मी सांगू शकलो असतो. त्याचे डोळे नाही चुकले, एक शब्द चुकला आणि तो मला कळला होता, एवढं वाक्य. ते ऐकून कदाचित त्याने पाटी ठेवली असती. पुढच्या वेळी रंगांवर नाव लिहिलेले कागद चिकटवून काम केलं असतं. एकेक दिवस जात होता आणि मी ते वाक्य जेवणाआधी तयार करायचो, जेवणानंतर सोडून द्यायचो. तेवढ्यात शहरातून एक माणूस येऊन इंजीन उचलायची साखळी आणि घोडा घेऊन गेला. मग दुसरा आला, त्याने पान्यांचं कपाट नेलं. तामोत्सू प्रत्येक पाना चाचपून त्याचा आकडा सांगत होता आणि तो माणूस लिहून घेत होता. एकही आकडा चुकला नाही.

डिसेंबरच्या मध्यावर पाटी उतरवली. तामोत्सू शिडीवर, मी खाली. बोल्ट गंजले होते, पण त्याने ते तुटू दिले नाहीत. पाटी जड होती. आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मला धाप लागली होती, आणि बहुधा त्यामुळेच ते तोंडातून निघून गेलं.

"दाजी, त्या दिवशी मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"कडी हिरवी होती. पुस्तकात पुढच्याच ओळीत मिदोरी लिहिलं होतं."

तो हातमोजे काढत होता. एकेक बोट ओढून त्याने दोन्ही काढले आणि मांडीवर ठेवले.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, माझंच चुकत असेल."

"चुकलं असतं तर काय झालं असतं? मी दोन शिव्या दिल्या असत्या."

"हो."

"फुमिएही हसली असती."

"हो."

त्याने मान तिरकी करून माझ्या चेहऱ्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला. त्याला माझे कान दिसले असतील.

"फुमिए चुकली," तो म्हणाला. "मी चुकलो. तिघांत तुम्ही एकटेच चुकला नाहीत, मास्तर."

त्यात राग नव्हता. भिंतीला हात लावून तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"हे तिला सांगू नका. भावाबद्दल तिला असं काही वाटायला नको."

रात्री फुमिएने मुळ्याचं सूप केलं होतं. तिने आधी त्याला वाढलं, मग मला. माझ्या वाटीत तिने एक तुकडा जास्त टाकला.

"दादा, दमलास ना आज? पाटी जड होती का रे?"

तामोत्सू सूप पीत होता.

"होती," मी म्हणालो.